जीव अडकलेल्या पेशी

कॅन्सरबद्दल मराठीत बोलताना दोन क्रियापदं पुन्हा पुन्हा येतात. गाठ 'वाढते' आणि माणूस 'झुंजतो'. व्हॉट्सॲपवरच्या श्रद्धांजलीतही हेच असतं: झुंज अपयशी ठरली. या दोन्हींच्या मधलं तिसरं क्रियापद आपण घरात शक्यतो उच्चारत नाही. मरणे. पण गेली पन्नासेक वर्षं कॅन्सरवर जे संशोधन झालंय, त्याचा मोठा भाग याच क्रियापदाभोवती फिरतो. पेशी मरते कशी, कधी मरायचं हे कोण ठरवतं, आणि ती मरायची थांबली तर काय होतं?

बायोलॉजीशी माझा संबंध अकरावीतच संपला होता. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात बॅकएंडचं काम करते. दोन वर्षांपूर्वी आत्याला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि मी हे सगळं वाचायला लागले. आत्या ६६ वर्षांची, कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली. आजाराचं नाव क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात सीएलएल. पांढऱ्या पेशींचा, बहुतेकदा उतारवयात होणारा, सहसा सावकाश चालणारा कॅन्सर. पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाले, "या पेशी फार जोरात वाढत नाहीयेत. त्या वेळेवर मरत नाहीयेत, म्हणून साचल्यात."

कॅन्सर म्हणजे बेफाम वाढ, एवढंच मला माहीत होतं. मरण चुकल्यामुळे होणारा आजार ही कल्पनाच नवीन होती.

ती शास्त्रज्ञांनाही एकेकाळी नवीनच होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर लिम्फोमाच्या काही रुग्णांच्या पेशींत असं दिसलं, की १४ आणि १८ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चुकीच्या जागी जोडले गेलेत. त्या सांध्यावर जे जनुक सापडलं त्याला बीसीएल-२ असं नाव मिळालं. कॅन्सरशी संबंधित जनुक म्हणजे ते पेशीला वाढायला लावत असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. १९८८ साली मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड वॉक्स, सुझॅन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी हे जनुक पेशींमध्ये घातलं आणि मग त्या पेशींचं खाद्य, म्हणजे त्यांना जगायला लागणारं वाढीचं रसायन, काढून घेतलं. साध्या पेशी मेल्या. बीसीएल-२ असलेल्या पेशी वाढल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. कॅन्सरच्या मुळाशी असलेलं एखादं जनुक वाढीला हातही न लावता फक्त मरण अडवू शकतं, हे तिथे पहिल्यांदा स्पष्ट झालं.

आणि अडवण्यासारखं मरण रोज भरपूर असतं. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज हजारो कोटी पेशी ठरवून मरतात. गर्भात आपला हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो, बोटांच्या मधल्या पेशी मरतात तेव्हा पाच बोटं सुटी होतात. सी. एलेगन्स नावाचा एक मिलीमीटरभर लांबीचा कृमी आहे. त्याच्या वाढीत एकूण १०९० देहपेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१, साधारण त्याच वेळी. हा हिशेब मांडणाऱ्या आणि त्यामागची जनुकं शोधणाऱ्या ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ या तिघांना २००२ चं नोबेल मिळालं. म्हणजे मरण हा इथे अपघात नाही. वाढीच्या सूचना जिथे लिहिल्यात, तिथेच मरणाच्याही लिहिल्यात.

या मरणाला नाव मिळालं १९७२ साली. जॉन केर हे ऑस्ट्रेलियन पॅथॉलॉजिस्ट उंदरांच्या यकृतातल्या मरणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. काही पेशी इजा होऊन फुगून फुटत होत्या, आजूबाजूला सूज येत होती. पण काही शांतपणे आक्रसत होत्या, त्यांचे छोटे छोटे पुडके होत होते, आणि शेजारच्या पेशी ते पुडके गिळून टाकत होत्या. सूज नाही, घाण नाही. केर, वायली आणि करी या तिघांनी ॲबर्डीनमध्ये यावर निबंध लिहिला आणि तिथल्याच ग्रीकच्या प्राध्यापकांनी सुचवलेला शब्द घेतला: अपोप्टोसिस. झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळणं. आपल्याकडे त्यासाठी पानगळ हा तयार शब्द आहे.

मला हे ऑफिसच्या भाषेत लगेच कळलं. सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम बंद करायचे दोन मार्ग असतात. एकात त्याला 'आता आवर' असा सिग्नल देतात. तो हातातलं काम संपवतो, उघड्या फाइल बंद करतो, घेतलेली मेमरी परत करतो आणि जातो. दुसऱ्यात त्याला जागीच ठार करतात, मग अर्धवट फाइल आणि तुटलेली कनेक्शनं दुसऱ्यांनी निस्तरायची. अपोप्टोसिस हा पहिला मार्ग. मरणारी पेशी आपल्या आवरणाची आतली एक चरबी बाहेरच्या बाजूला आणून 'मला खा' अशी पाटीसुद्धा लावते.

पण सिग्नल कोण देतं? इथे पी-५३ नावाचं प्रथिन येतं. त्याचा शोध १९७९ चा, एकाच वेळी लंडन, प्रिन्स्टन, न्यूयॉर्क आणि फ्रान्समधल्या प्रयोगशाळांत लागला. नाव वजनावरून पडलं, ५३ किलोडाल्टन. प्रत्यक्षात वजन ४४ च्या आतच आहे. प्रथिनाचा एक भाग जेलमध्ये हळू सरकतो म्हणून ते जड वाटलं, आणि चुकीचं नाव तसंच राहिलं. त्याहून मोठी गफलत पुढची. जवळजवळ दहा वर्षं पी-५३ हे कॅन्सर करणारं प्रथिन समजलं गेलं. प्रयोगशाळांमध्ये ज्या प्रती वापरल्या जात होत्या त्या कॅन्सरच्या पेशींतून आलेल्या, म्हणजे आधीच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन आणि आर्नल्ड लेव्हिन यांच्या गटांनी दाखवलं, की धडधाकट पी-५३ कॅन्सरला रोखतं. चोर म्हणून पकडलेला माणूस पहारेकरी निघाला. १९९२ मध्ये डेव्हिड लेन यांनी त्याला जीनोमचा रखवालदार म्हटलं. आज आपल्याला माहीत आहे, की माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेलं असतं.

रखवालदाराची पद्धत बघण्यासारखी आहे. निरोगी पेशीत पी-५३ सतत तयार होतं आणि सतत नष्ट केलं जातं. एमडीएम-२ नावाचं प्रथिन त्याला काही मिनिटांत कचऱ्यात पाठवतं. आपल्याला हा अपव्यय वाटेल, पण फायदा असा, की डीएनए तुटल्याचा निरोप आला की नवीन काही बनवत बसावं लागत नाही. नष्ट करणं थांबवलं की झालं. मग पी-५३ आधी पेशीचं विभाजन थांबवतं: दुरुस्ती होईपर्यंत नवीन प्रत काढायची नाही. दुरुस्ती झाली तर काम पुन्हा सुरू. नाही झाली तर मरणाचा हुकूम. २००४ मध्ये गालित लहाव, उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी जिवंत पेशींत चमकणारं पी-५३ जोडून हे प्रत्यक्ष पाहिलं. किरणांचा मारा वाढवला तर पी-५३ ची लाट उंच होत नव्हती, लाटांची संख्या वाढत होती. जणू दर काही तासांनी पुन्हा विचारलं जात होतं, अजून तुटलेलंच आहे का?

आत्याच्या रिपोर्टमधल्या एका ओळीशी येऊन मी इथेच थांबले होते. फिश नावाच्या तपासणीत लिहिलं होतं: १७ पी डिलीशन. १७ नंबरच्या गुणसूत्राची आखूड बाजू तिच्या बहुसंख्य आजारी पेशींतून गायब आहे. पी-५३ चं जनुक त्याच बाजूवर असतं.

इंटरनेटवर या तीन शब्दांभोवती जे काही वाचायला मिळतं ते रात्री एकट्याने वाचू नये. केमोथेरपीची बरीचशी जुनी औषधं आणि रेडिएशन कॅन्सरच्या पेशीला थेट ठार करत नाहीत. ती तिचा डीएनए इतका तोडतात, की पेशीने स्वतःच निर्णय घ्यावा. आणि निर्णय घेणारं प्रथिन पी-५३. तेच नसेल तर औषध डीएनए तोडत राहतं आणि पेशी तशीच, तुटलेल्या डीएनएसकट, जगत राहते. म्हणून १७ पी गेलेल्या सीएलएलमध्ये केमोचा फारसा उपयोग होत नसे. आमच्याकडे याला अलर्ट बंद पडलेली सिस्टीम म्हणतात. वरून सगळं हिरवं दिसतं, आत काय जळतंय ते कुणालाच कळत नाही.

आत्याचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "हे आपल्या घराण्यातच आहे का गं? तुला, तुझ्या भावाला..." तिची आई कॅन्सरनेच गेली होती, कुठल्या ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. पी-५३ चं बिघडलेलं जनुक जन्मतःच घेऊन येणारी कुटुंबं जगात आहेत. ली आणि फ्रॉमेनी या दोघांनी १९६९ मध्ये त्यांचं वर्णन केलं, तिथे कॅन्सर लहान वयात आणि पिढ्यान् पिढ्या दिसतात. आत्याचं तसं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की हा तुकडा तिच्या आयुष्यात, त्या आजारी पेशींतच गळालाय. तिच्या बाकीच्या शरीरात तो जागेवर आहे. आत्या ते चित्र घडी घालून पर्समध्ये ठेवून परतली. कुणाचं वाईट केलं म्हणून हे वाट्याला आलं, असं गावात दोघींनी विचारलं होतं, त्यांना दाखवायला.

मग उपाय काय? पी-५३ नसताना पेशीला मरायला कसं सांगायचं?

इथे गोष्ट पुन्हा बीसीएल-२ कडे येते, कारण पी-५३ चा हुकूम शेवटी तिथेच पोचत असतो. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, ऊर्जा तयार करणारे. त्यांच्या आत सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन श्वसनाच्या कामात गुंतलेलं असतं. मरणाची वेळ आली की बॅक्स आणि बॅक ही दोन प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या भिंतीला भोकं पाडतात आणि सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं. १९९६ मध्ये शाओडाँग वांग यांच्या गटाने दाखवलं, की हेच सांडलेलं प्रथिन मरणाची घंटा असते. त्यावरून कॅस्पेज नावाची कात्र्यांसारखी प्रथिनं जागी होतात आणि पेशीला आतून पद्धतशीर कापून काढतात. आत असेपर्यंत जे जगवतं, तेच बाहेर पडलं की मारतं. बीसीएल-२ चं काम हे भोक पडू न देणं. मरणाचा निरोप घेऊन येणाऱ्या प्रथिनांना ते धरून ठेवतं. निरोगी पेशीत पी-५३ अशा निरोप्यांची संख्या वाढवतं आणि बीसीएल-२ चे हात कमी पडतात.

सीएलएलच्या पेशीत बीसीएल-२ प्रचंड असतं. पण त्याच्या हातात अडकलेले निरोपेही भरपूर असतात. म्हणजे ही पेशी मरणाला कोडगी झालेली नाही. ती मरायच्या अगदी काठावर उभी आहे, फक्त कुणीतरी घट्ट धरून ठेवलंय.

व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ च्या ज्या खाचेत निरोपे अडकतात, तिथे स्वतः जाऊन बसतं. निरोपे सुटतात, भिंतीला भोकं पडतात, पुढचं सगळं पेशी स्वतः करते. पी-५३ ची गरज या टप्प्याच्या आधीची, त्यामुळे ते नसलं तरी चालतं. १९८८ चा तो मेलबर्नचा प्रयोग आणि ही गोळी यांच्यात २८ वर्षं गेली. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत तिला पहिली मान्यता मिळाली, ती नेमकी १७ पी गेलेल्या सीएलएलसाठी. ज्यांच्यावर आधीचे उपचार चालले नव्हते अशा रुग्णांच्या चाचणीत पाचांपैकी जवळपास चौघांना फरक पडला होता.

या औषधाची सगळ्यात मोठी भीती अशी, की ते फार चांगलं काम करेल. लाखो कोटी पेशी एकदम मेल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात उतरतं, किडनी बंद पडू शकते, हृदय थांबू शकतं. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये काही रुग्ण यामुळे दगावले. म्हणून आता गोळी पाच आठवड्यांत चढवत नेतात: २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि शेवटी ४००. आम्ही नवीन कोड आधी एक टक्का लोकांना देतो, मग पाच, मग वीस, तसंच.

ते पाच आठवडे आत्या माझ्या फ्लॅटवर राहिली. किती पाणी प्यायली ते ती कालनिर्णयच्या पानामागे रेघा मारून लिहायची, हजेरीपटासारखं. डोस वाढवायच्या दिवशी पहाटे हॉस्पिटल, रक्त, गोळी, काही तासांनी पुन्हा रक्त, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पोटॅशियमचा आकडा फोनवर येईपर्यंत मी लॅपटॉप उघडून नुसती बसलेली असायचे.

अशाच एका संध्याकाळी तिने विचारलं, "ही गोळी नक्की करते काय? मारते त्या पेशींना?"

मी म्हटलं, "मारत नाही गं. त्या निघालेल्याच आहेत, त्यांना कुणीतरी दारात धरून ठेवलंय. गोळी तो हात सोडवते."

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे जीव अडकलाय त्यांचा."

मी हे सगळं इंग्रजीत वाचलं होतं आणि हा शब्दप्रयोग मला सुचला नव्हता. तिच्या सासूबाई शेवटचे १२ दिवस अशाच पडून होत्या. अन्न बंद, शुद्ध नाही, पण श्वास चालू. आल्यागेल्याने म्हणायचं, कुणात तरी जीव अडकलाय म्हातारीचा. मग मुंबईहून धाकट्या मुलाला बोलावलं, त्याने तोंडात गंगाजल घातलं, आणि आत्यानेच कानाशी जाऊन सांगितलं, "आई, सगळं नीट आहे, तुम्ही निघा आता." हे तिने मला पहिल्यांदाच सांगितलं. आणि मग, मधे एवढंही न थांबता, स्वतःबद्दल बोलायला लागली. शेवटी नळ्या नकोत. आयसीयूत ठेवून दिवस वाढवायचे नाहीत. बांगड्या कुणाला, पेन्शनचे कागद कुठल्या कपाटात. आजार कळून चार महिने झाले होते आणि तोपर्यंत आमच्या घरात हा विषय निघाला की बाबा "अभद्र बोलू नकोस" म्हणून उठून जायचे. त्या दिवशी बाबा नव्हते. मी फोनच्या नोट्समध्ये सगळं लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. पेशीचं मरण माणसाच्या मरणाला लावायचा मोह होतो. पेशी शरीरासाठी जीव देते, तसं माणसाने कुटुंबासाठी, समाजासाठी बाजूला व्हावं वगैरे. हे मला पटत नाही. पेशीला पर्यायच नसतो, तिची हुबेहूब जागा घेणारी दुसरी तयार असते. आत्याची जागा घेणारी दुसरी आत्या नाही. जीवशास्त्राने आम्हाला एवढंच दिलं, की मरण हा शब्द जेवणाच्या टेबलावर आणता आला.

जीवशास्त्र स्वतः तर दोन्ही बाजूंनी सांभाळून चालतं. हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, आयुष्यही मोठं, तरी त्यांच्यात कॅन्सर कमी. २०१५ मध्ये कळलं, की आपल्याकडे पी-५३ चं एक जनुक असतं, हत्तीत त्याच्या २० प्रती आहेत. बहुतेक प्रती अर्ध्यामुर्ध्या, पण हत्तीची पेशी डीएनए तुटला की आपल्यापेक्षा लवकर मरण पत्करते. मग आपल्यालाही जास्त पी-५३ द्यावं? २००२ मध्ये काही उंदरांत पी-५३ गरजेपेक्षा जास्त जागरूक झालेलं आढळलं. त्यांना गाठी कमी झाल्या, पण ते लवकर म्हातारे झाले, हाडं ठिसूळ झाली. रखवालदार फार कडक असला तर घरचे लोकही बाहेर राहतात.

आत्याच्या मानेतल्या गाठी पहिल्या काही आठवड्यांतच विरघळल्या. पांढऱ्या पेशींचा आकडा आता वर्षभर साधा आहे. ती गावी परतली आहे आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला येते. मला माहीत आहे, आणि तिलाही मी सांगितलंय, की बीसीएल-२ च्या खाचेतलं एक अक्षर बदलून औषधाला चकवणाऱ्या पेशी काही रुग्णांत वर्षा-दोन वर्षांनी सापडल्या आहेत. तिने विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मग दुसरं औषध, ते वेगळ्या रस्त्याने जातं." तिने मान डोलावली आणि विचारलं, की हे सगळं बाबांना सांगितलंस का.

सांगितलं. नोट्ससुद्धा वाचून दाखवल्या. बाबा या वेळी उठून गेले नाहीत. फक्त म्हणाले, "कपाट डावीकडचं की उजवीकडचं, ते विचारून घे तिला."